ऑपरेशन पोलो, दुपारी सव्वातीन, उमरगा

आमच्या ऑफिसात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी डिसेंबरात मेलने येते. बाकीचे लोक लाँग वीकेंड किती आहेत ते मोजतात, मी आधी सप्टेंबर बघतो. गणपतीची सुट्टी असते. १७ सप्टेंबरची नसते. कधीच नसते. मग मी सवयीप्रमाणे टीममधल्या कुणाला तरी विचारतो, "सतरा सप्टेंबरला काय असतं सांग बरं?" आजवर मिळालेली उत्तरं अशी: मोदींचा वाढदिवस, विश्वकर्मा जयंती, आणि आमच्यातल्या क्रिकेटवेड्याचं उत्तर, अश्विनचा वाढदिवस. तिन्ही बरोबर आहेत. पण चौथं, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हे पुण्यात फारसं कुणाला आठवत नाही.

आम्ही उमरग्याची पोरं लहानपणी या बाबतीत नशीबवान होतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन, प्रभातफेरी आणि गोळ्या-बिस्किटं, आणि महिनाभरानं परत तेच सगळं. भाषणं पण तीच, फक्त इंग्रजांच्या जागी निजाम. एकदा मी हे कँटीनमध्ये सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "म्हणजे तुम्हाला स्वातंत्र्य वर्षभर उशिरा मिळालं?" म्हटलं हो, तेरा महिने आणि दोन दिवस. डिलिव्हरी लेट झाली पण झाली. :)

असो. नमनाला घडाभर तेल झालं. आजचा विषय आहे आमचा रस्ता.

पुण्याहून गावी जायचं म्हणजे स्वारगेटहून रात्रीची गाडी धरायची, पहाटे सोलापूर, आणि तिथून पुढे हैदराबादचा हायवे. पूर्वी याला एन.एच. नऊ म्हणायचे, आता पासष्ट नंबर झालाय. सोलापूर सोडलं की बोरामणी, इटकळ, अणदूर, मग नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, दाळिंब आणि उमरगा. झोप झाली असेल तर मी नळदुर्गपासून जागा असतो. बोरी नदी आणि किल्ला दिसला की घर आलं असं वाटतं, खरं तर अजून तासभर असतो. उमरग्यापुढे तुरोरी, आणि मग थोड्याच वेळात कर्नाटक. आमच्याकडे एकाच बाजारात मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू ऐकू येते, आणि भाव तिन्ही भाषांत सारखाच जास्त असतो.

या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. पण याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य गेलं, आणि त्याचं तासागणिक टाइमटेबल उपलब्ध आहे, हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी एस. एन. प्रसाद यांनी लिहिलेलं 'ऑपरेशन पोलो' नावाचं पुस्तक आहे, १९७२ साली निघालेलं. या मोहिमेबद्दल नंतर जे काही लिहिलं गेलं त्यातला बराच तपशील असल्या सरकारी नोंदींतूनच आलेला असतो. त्यात आपलं गाव येतं का हे शोधायचं, हा माझा एका रविवारचा उद्योग होता. आलं! 'उमरगे' असं आलं, पण आलं.

तर टाइमटेबल असं. सोमवार, १३ सप्टेंबर. पहाटे चारच्या सुमाराला सोलापूरच्या बाजूने सैन्य निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिला अडथळा नळदुर्ग. तिथे हैदराबादची पहिली इन्फंट्री बसलेली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत धडधाकट ताब्यात घेणं महत्त्वाचं होतं, कारण पूल गेला असता तर रणगाडे सप्टेंबरच्या पाण्यात काय करणार होते? पूल मिळाला. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटात होती, नळदुर्गपासून नऊ किलोमीटरवर. मग लेफ्टनंट कर्नल रामसिंग यांच्या हाताखालची 'स्ट्राइक फोर्स' पुढे निघाली आणि दुपारी सव्वातीन वाजता उमरग्यात पोचली. हद्दीच्या आत ६१ किलोमीटर. गावात रझाकारांनी प्रतिकार केला, तो लवकरच मोडून काढला. रात्रीचा मुक्काम उमरग्यातच. दुसऱ्या दिवशी तुकडी ४८ किलोमीटर पूर्वेला राजेश्वरकडे निघाली.

आता इंजिनिअर म्हटल्यावर भागाकार आलाच. ६१ किलोमीटर, साधारण अकरा तास, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. हिंजवडी फेज वनला सकाळी साडेनऊला आमचा वेग साधारण एवढाच असतो, फक्त तिथे निदान कुणी गोळ्या झाडत नाही.

आणि दुसरी गंमत. मोहीम सोमवारी सुरू झाली आणि शुक्रवारी, १७ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सोमवारी सुरू, शुक्रवारी पाचला बंद! असा प्रोजेक्ट मी करिअरमध्ये अजून एकही बघितलेला नाही. अर्थात शनिवारी कुणालातरी यावं लागलंच: जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ तारखेला.

आता नाव. पोलो का? सांगतात ते असं की हैदराबादेत पोलोची मैदानं भरपूर होती, जगात सगळ्यात जास्त, सतरा की काय. खेळाचं नाव द्यायचंच तर घोड्यावरचा, राजेरजवाड्यांचा खेळ. त्यात सदर्न कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी, म्हणजे नवानगरच्या जाडेजा घराण्यातले. रणजी आणि दुलीप ज्या घरातले, त्याच घरातले. म्हणजे ज्यांच्या नावानं आपण रणजी करंडक आणि दुलीप करंडक खेळतो त्या घराण्यातला माणूस 'पोलो' नावाची मोहीम चालवतोय. क्रिकेटच्या घरचा माणूस पोलोला पाठवला, हे मला आपल्या क्रीडा मंडळांच्या कारभाराशी सुसंगत वाटतं. (हेच राजेंद्रसिंहजी १९५५ मध्ये देशाचे पहिले 'चीफ ऑफ आर्मी स्टाफ' झाले. आणि चौधुरी १९६२ मध्ये त्या पदावर आले. चांगलं रेटिंग मिळालं म्हणायचं.)

त्याच उन्हाळ्यातल्या खेळाच्या बातम्या बघा. १२ ऑगस्ट १९४८ ला लंडनच्या वेम्ब्लेवर भारताने ब्रिटनला ४-० हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं. दोन दिवसांनी ब्रॅडमन ओव्हलवर शून्यावर गेला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. पूर्ण देश एका महिन्यात वेम्ब्लेपासून नळदुर्गपर्यंत आला! आणि हैदराबादचा ऑफस्पिनर गुलाम अहमद भारताकडून पहिली कसोटी खेळला तो ३१ डिसेंबर १९४८ ला, कलकत्त्यात, वेस्ट इंडीजविरुद्ध. संस्थान पडून साडेतीन महिने होत होते.

आता पेज थ्री. कारण या गोष्टीतला मुख्य सेलिब्रिटी अजून आलाच नाही.

मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. आमच्या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव त्याच्याच नावावरचं. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हा माणूस होता, जगातला सगळ्यात श्रीमंत म्हणून. त्याच्याकडे १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा होता. तो म्हणे त्याला वडिलांच्या जुन्या चपलेच्या टोकात सापडला, आणि नंतर पेपरवेट म्हणून वापरला गेला. (१९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे दागिने २१८ कोटींना घेतले त्यात तोही आला.) आणि एवढं असून माणूस कंजूष म्हणून प्रसिद्ध. पायमोजे स्वतः विणायचा म्हणतात.

पण एका बाबतीत हात मोकळा सोडला. २० नोव्हेंबर १९४७ ला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. निजामाने लंडनच्या कार्टियरला कळवलं, राजकन्येला दुकानात जे आवडेल ते घेऊ द्या. तिने एक टियारा आणि एक हिऱ्यांचा हार निवडला. तो हार २०१४ मध्ये केट मिडलटनने लंडनच्या एका कार्यक्रमात घातला तेव्हा फॅशनवाल्यांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. मला मात्र त्यातली तारीख लागली. लग्न २० नोव्हेंबरला, आणि निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला २९ नोव्हेंबरला. मध्ये नऊ दिवस. तिकडे हार गळ्यात पडतोय आणि इकडे आमच्या लोकांना सोलापूरला बाजाराला जायचं तर करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागतायत. (करोडगिरी म्हणजे संस्थानाची जकात. पैसेही वेगळे. सात हाली रुपये द्या, सहा इंग्रजी रुपये घ्या. आमच्या लोकांचा सातचा पाढा पक्का असायचं कारण हेच असावं.)

दुसरा सेलिब्रिटी सिडनी कॉटन. ऑस्ट्रेलियन वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात विमानातून फोटो काढून हेरगिरी करण्याच्या तंत्राचा आद्य पुरुष. हा गृहस्थ १९४८ मध्ये लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून हैदराबादला चोरून शस्त्रं आणत होता. पुढे इंग्लंडात खटला झाला आणि दंड झाला २०० पौंड. क्रिकेटमध्ये षटकं हळू टाकली तरी याहून जास्त कापतात.

आणि पैशाची सगळ्यात भारी गोष्ट. संस्थान पडता पडता निजामाच्या लंडनच्या खात्यातून दहा लाख पौंडांवर थोडी रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर वळवली गेली. निजामाने म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय गेली, परत द्या. बँकेने म्हटलं, आधी ठरवा कुणाची. ते ठरायला २ ऑक्टोबर २०१९ उजाडलं. लंडनच्या हायकोर्टाने निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं: वर्षाला साधारण ५ टक्के. आपला पीएफ बरा.

इथवरचा सगळा भाग मी कँटीनमध्ये सांगतो. लोक हसतात, चहा संपतो. पुढचा सांगत नाही, कारण पुढचा माझ्याकडे नीट नव्हताच.

आमच्या घरी 'ऑपरेशन पोलो' हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. आमच्याकडे शब्द आहे पोलिस ॲक्शन. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची वयं त्यावरून काढायचे. "पोलिस ॲक्शनला मी पाळण्यात हुते," किंवा "ॲक्शनच्या साली लग्न झालं." माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेव्हा बारा वर्षांचे होते. रणगाड्यांची गोष्ट ते कितीही वेळा सांगायचे. दारं लावून घेतली होती, फटीतून बघितलो, रस्ता हलत होता, आज्जीनं देवापुढचा दिवा विझवला की उजेड बाहेर दिसू नये, भर दुपारी! त्याच्या आधीचं वर्षही सांगायचे. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार. कुठलं गाव लुटलं, कोण सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलं, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत कधीकाळी शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ कसे तुरुंगात गेले. बायका-पोरं सोलापूरकडे रात्री कशी चालत गेली. हे सगळं खरं आहे आणि भयंकर आहे, आणि १७ सप्टेंबरच्या भाषणात ते येतं ते योग्यच आहे.

पण आबांची गोष्ट कायम १४ तारखेला सकाळी संपायची. तुकडी राजेश्वरकडे गेली, धूळ बसली, संपलं. मग काय झालं आबा? "मग काय, शाळा सुरू झाली." आणि उठून गोठ्याकडे जायचे.

मला वाटायचं, बारा वर्षांच्या पोराला पुढचं आठवत नसेल. प्रॉडक्शनचे लॉग वाचायची माझी रोजची नोकरी आहे. लॉगमध्ये अमुक वाजता अमुक काम पूर्ण, हिरवी खूण. त्या खुणेनंतर कुठे काय फुटलं हे लॉगमध्ये नसतं, ते सकाळी फोन आल्यावर कळतं. इथे फोन यायला पासष्ट वर्षं लागली.

१९४८ च्या शेवटी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती हैदराबादेत पाठवली. काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिचे दुसरे दोघे. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. काम होतं पोलिस ॲक्शननंतर मुसलमानांचं काय झालं ते बघायचं. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही, २०१३ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यातला अंदाज असा की कमीत कमी धरलं तरी संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात वाईट म्हणून चार जिल्हे सांगितलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड.

पहिलं नाव आमचं.

आकड्यावर वाद आहेत, असणारच. पण जिल्ह्याचं नाव वाचून मी बराच वेळ स्क्रोल केलं नाही. त्याच अहवालात असंही आहे की काही हिंदूंनी आपल्या मुसलमान मित्रांना जीव धोक्यात घालून लपवलं, वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या लोकांत ही माणुसकी जास्त दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले. मला हे एवढं का आवडलं माहीत नाही. मागावर शेजारी बसणाऱ्याला आपण ओळखतो, म्हणून असेल.

त्यानंतरच्या दिवाळीत मी आबांना सरळ विचारलं. अंगणात दोघंच होतो. आधी म्हणाले, "तुला हे कुठं सापडलं?" म्हटलं इंटरनेटवर. "तिथं हाय व्हय ते?" असं म्हणून गप्प बसले. मग वर्गातल्या एका पोराबद्दल सांगितलं. एकाच बस्करावर बसायचे. हुतुतूत त्याचा दम सगळ्यात मोठा, एकदा आत गेला की चौघांना घेऊनच यायचा. शाळा सुरू झाली तेव्हा तो आला नाही. घराला कुलूप. कुणी म्हणालं हैदराबादला गेले. कुणी दुसरं काही म्हणालं. "आमची गडी एकानं कमी पडलालती," आबा म्हणाले. "मग आम्ही हुतुतू बंदच केलाव."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

२०१९ मध्ये माझी पहिली नोकरी हैदराबादला होती, गच्चीबावलीत. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं: एकदा ने. आणलं. गोलकोंडा नको म्हणाले, पाय दुखतात. सालारजंगही नको. चारमिनारला चला. तिथे लाड बाजारात मला एक धक्का बसला. आबा दुकानांच्या उर्दू पाट्या घडाघडा वाचत होते! निजामाच्या शाळेत शिकलेले, मला माहीत होतं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी शेजारी अडाण्यासारखा उभा. इंजिनिअरिंगची डिग्री, तीन प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस, आणि बांगड्यांच्या दुकानाचं नाव वाचता येईना.

मग ते एका दुकानापाशी थांबले. गल्ल्यावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. आबा म्हणाले, "मियाँ, आप उमरगे के तो नहीं?" ते हसून म्हणाले, नाही, आम्ही पिढ्यान्पिढ्या इथलेच. आबांनी सलाम केला आणि पुढे गेले. पुढच्या दुकानात परत तेच. मला आधी लाज वाटली, एवढ्या मोठ्या शहरात हे काय. मग मोजायला लागलो. संध्याकाळपर्यंत सहा जणांना विचारलं. एकाने खुर्ची दिली, चहा मागवला. तो गुलबर्ग्याकडचा निघाला. दोघं अर्धा तास त्या भागातल्या पावसाबद्दल बोलत होते.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "सापडला असता तर काय म्हणाला असतात?" आबा म्हणाले, "आरं, वळखला तर असता का मी?" आणि खिडकीकडे तोंड करून झोपले. दोन वर्षांनी आबा गेले.

यंदा मी १७ सप्टेंबरची रजा टाकलीय. सिस्टीममध्ये कारणाचा रकाना भरल्याशिवाय सबमिट होत नाही. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' लिहिलं, मग खोडलं. 'वैयक्तिक' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'गावी झेंडावंदन' असं लिहिलं. मॅनेजरने दोन मिनिटांत मंजूर केली आणि खाली लिहिलं, ऑगस्टमध्येच झालं ना? सोमवारी त्याला चहाला घेऊन जाणार आहे. या वेळी १४ तारखेच्या पुढचंही सांगून बघतो.

गाडी सोळाच्या रात्रीची आहे. खिडकीची सीट मिळालीय, नळदुर्गला जाग आली पाहिजे.